दंड कोणाच्या खिशातून?

हिंगोलीत रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला एक बातमी तोंडपाठ झालेली असते. सण जवळ आला, कुणाची जयंती आली, आरक्षणाचे किंवा पीकविम्याचे आंदोलन तापले, की आतल्या पानावर चार ओळी छापून येतात: जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ (१) (३) लागू. खाली अप्पर जिल्हादंडाधिकाऱ्यांचा हवाला असतो. शस्त्रे, लाठ्या, दगड जवळ बाळगू नयेत, हे पहिले. ते कुणालाही पटते. पण त्याच यादीत पुढे आकृत्या आणि प्रतिमांचे प्रदर्शन येते, जाहीर घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे येते, आणि सभ्यतेला, नीतीला किंवा राज्याच्या सुरक्षिततेला बाधा आणतील अशी भाषणे, हावभाव आणि चित्रेही येतात. शेवटी पाच किंवा अधिक माणसांनी विनापरवाना जमण्याला मनाई. असा आदेश एका वेळी पंधरा दिवस टिकतो, तो मोडला तर कलम १३५ खाली गुन्हा. पंधरा दिवस संपले की बरेचदा नवा आदेश निघतो.

पीकविमा मिळाला नाही म्हणून तहसीलसमोर बसायला निघालेल्या माणसाच्या हाती हाच कागद ठेवला जातो. नेता दौऱ्यावर येणार असेल तर आदल्या दिवशी कार्यकर्त्याच्या घरी ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’ जाते. कायदा बदलून आता ते कलम १६८ झाले आहे, पण बोलीत ते एकशे एकोणपन्नासच राहिले आहे. सकाळी गाडीत बसवून नेतात, संध्याकाळी सोडतात. दौरा पार पडलेला असतो, म्हणायचे ते म्हणायचे राहून जाते.

या सगळ्यात संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिलेला बोलण्याचा आणि शांततेने जमण्याचा हक्क मोडला गेला, असे पुढे न्यायालयाने ठरवले तर काय होते? आदेश रद्द होतो, गुन्हा रद्द होतो. पण ज्याने सही केली, ज्याने गाडीत बसवले, त्याला त्याचा जाब द्यावा लागतो का? या लेखाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे.

हिंगोलीच्या सर्वांत जवळचा निकाल बीड जिल्ह्यातला आहे. जानेवारी २०२० मध्ये माजलगावच्या जुन्या ईदगाह मैदानावर नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध काही लोकांना शांततेने धरणे धरायचे होते. परवानगी नाकारण्यात आली. कारण दिले गेले बीडच्या अप्पर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कलम ३७ च्या आदेशाचे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेले. हिंगोलीही त्याच खंडपीठाखाली येते. न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि न्यायमूर्ती एम. जी. सेवलीकर यांनी १३ फेब्रुवारी २०२० रोजी तो आदेश रद्द केला. आदेश दिसायला सर्वांसाठी असला तरी त्याचा खरा रोख या कायद्याला विरोध करणाऱ्यांवर होता, हे त्यांनी नोंदवले. कायद्याला विरोध करतो म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, असेही सांगितले. अधिकाऱ्यांना मानवी हक्कांचे प्रशिक्षण द्यायला हवे, हा शेराही त्याच निकालात आहे.

मराठवाड्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा निकाल जवळ बाळगावा, इतका तो मोलाचा आहे. तरी तो वाचताना एक गोष्ट खटकते. धरण्याच्या ठरलेल्या तारखा निकालाआधीच उलटून गेल्या होत्या, आणि आदेश काढणाऱ्याच्या वाट्याला प्रशिक्षणाच्या सूचनेपलीकडे काही आले नाही.

या भागाला बोलणे अडवले जाण्याची ओळख फार जुनी आहे. नर्सी नामदेव हिंगोली जिल्ह्यातच आहे, औंढा नागनाथही. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा औंढ्याला जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितली जाते. पुढे निजामाच्या राज्यात सभाबंदी होती. परवानगीशिवाय सभा घेता येत नसे, म्हणून हैदराबाद संस्थानची पहिली राजकीय परिषद १९२३ मध्ये संस्थानाबाहेर, काकीनाड्याला भरवावी लागली. पुढच्या परिषदाही मुंबई, पुणे आणि अकोला इथे झाल्या. त्या राजवटीत अंमलदार फक्त वरच्याला जबाबदार होता, प्रजेला नव्हे. १९५० साली संविधानाने हे नाते उलटे केले. कागदावर तरी.

आज हिंगोलीतला माणूस काय बोलतो, तेही पाहावे. २०१९ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या ताकतोडा गावाने कर्ज आणि नापिकीला कंटाळून आपले अख्खे गावच विकायला काढले. २०२३ मध्ये याच तालुक्यातल्या गोरेगाव परिसरातल्या शेतकऱ्यांनी स्वतःचे अवयव विक्रीस असल्याचे सरकारला कळवले. सरकारला बोचावे म्हणूनच केलेली ही बोलणी आहेत. माझ्या मते अनुच्छेद १९ चा खरा अर्थ अशा वेळी कळतो. गोड बोलण्यासाठी कुणाला संविधानाचे संरक्षण लागत नाही.

आता अधिकाऱ्यांच्या जबाबदारीकडे परत येऊ आणि पालघर पाहू. बाळासाहेब ठाकरे १७ नोव्हेंबर २०१२ रोजी गेले, दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा झाली आणि मुंबई बंद राहिली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. तिथल्या एका तरुणीने या बंदबद्दल नाराजीच्या काही ओळी फेसबुकवर लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. ओळी लिहिणाऱ्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली आणि १९ नोव्हेंबरला दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ होते. देशभर गदारोळ उठला, विशेष पोलीस महानिरीक्षकांमार्फत चौकशी झाली आणि आठवडाभरात ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक व पालघरचे वरिष्ठ पोलीस निरीक्षक निलंबित झाले. प्रकरण ज्यांच्यापुढे आले होते त्या दंडाधिकाऱ्यांची बदली झाली. पोलिसांनी नंतर प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने दोघींना प्रत्येकी ५० हजार रुपये भरपाई देण्याची शिफारस राज्य सरकारला केली.

बोलण्याचा हक्क मोडल्याबद्दल महाराष्ट्रात अधिकाऱ्यांना इतक्या झटपट झळ बसल्याचे दुसरे ठळक उदाहरण मला माहीत नाही. म्हणून ते नीट पाहिले पाहिजे. निलंबन ही खात्याअंतर्गत कारवाई असते. ती सरकारच्या मर्जीने होते आणि सरकारच्या मर्जीनेच मागे घेतली जाते. त्या मुलींना तिच्यात पक्षकार म्हणून जागा नसते. भरपाई सुचवली गेली ती सरकारी तिजोरीतून. आणि हे घडायला सगळ्या देशाच्या वाहिन्यांचे कॅमेरे पालघरात असावे लागले. सेनगावच्या एखाद्या पोरावर असाच गुन्हा दाखल झाला तर कॅमेरे येणार नाहीत.

अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून किंमत मोजायला लावण्याची कल्पना कुठून आली, ते समजण्यासाठी १७६३ च्या लंडनला जावे लागते. ‘द नॉर्थ ब्रिटन’ या पत्रकाच्या ४५ व्या अंकात राजाच्या भाषणावर कडक टीका आली. मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांनी वॉरंट काढले, पण त्यात कुणाचे नावच नव्हते. लेखक, मुद्रक, प्रकाशक जे सापडतील त्यांना धरा, एवढेच होते. राजाच्या हुजऱ्यांनी डझनावारी माणसे उचलली. त्यांत हकल नावाचा छापखान्यातला एक कामगार होता. त्याचा त्या अंकाशी संबंधही नव्हता. त्याला जेमतेम सहा तास अडकवून ठेवले, तेही चांगले खायला-प्यायला घालून. आठवड्याला एक गिनी कमावणाऱ्या या माणसाने हुजऱ्यावरच दावा ठोकला आणि ज्यूरीने त्याला ३०० पौंड दिले. रक्कम फार होते अशी तक्रार झाली. सरन्यायाधीश प्रॅट यांनी ती फेटाळली. नुकसान पाहिले तर वीस पौंड पुरले असते, पण निनावी वॉरंटवर माणूस उचलणे हा सगळ्या प्रजेच्या स्वातंत्र्यावरचा घाला आहे आणि ज्यूरीने तो ध्यानात घेतला, असा त्यांचा विचार होता. अद्दल घडावी म्हणून द्यायच्या भरपाईचे तत्त्व इंग्रजी कायद्यात या निकालापासून रुजले. त्याच वर्षी जॉन विल्क्सला मंत्रालयातल्या उपसचिवाविरुद्ध १,००० पौंड मिळाले. १७६९ मध्ये खुद्द हॅलिफॅक्सविरुद्ध ४,००० मिळाले.

हे इंग्रज आपल्याकडे मात्र तो कायदा घेऊन आले नाहीत. इथे त्यांनी उलट बाजूची कुंपणे बांधली: सरकारी नोकरावर खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी, दावा लावायचा तर आधी नोटीस, आणि कृत्य सद्भावनेने केले असेल तर दोषमुक्ती. स्वातंत्र्यानंतर आपण ही कुंपणे जवळपास जशीच्या तशी ठेवली.

संविधानाच्या बाजूने वाट काढली ती सर्वोच्च न्यायालयाने. निर्दोष सुटल्यावरही बिहारमध्ये १४ वर्षे तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना १९८३ मध्ये थेट रिट याचिकेत भरपाई मिळाली. १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना ५० हजार रुपये मिळाले. विधानसभेच्या अधिवेशनाला जाता येऊ नये म्हणून पोलिसांनी त्यांना वाटेतच अडकवले होते. मूलभूत हक्क मोडला तर राज्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व असे पक्के झाले. बोलण्याच्या हक्कासाठी ते सर्वांत स्पष्ट वापरले गेले ११ एप्रिल २०१९ रोजी. ‘भोबिश्योतेर भूत’ हा बंगाली चित्रपट प्रदर्शित झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कोलकात्याच्या चित्रपटगृहांतून नाहीसा झाला होता. लेखी बंदी नव्हती. ‘वरून’ सांगणे आले, एवढेच चित्रपटगृहांकडून कळत होते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती हेमंत गुप्ता यांनी पश्चिम बंगाल सरकारला निर्मात्यांना २० लाख रुपये भरपाई आणि एक लाख रुपये खर्च द्यायला लावला.

पण वीस लाख दिले कोणी? बंगालच्या करदात्यांनी. ज्याने ‘वरून’ सांगितले त्याला स्वतःच्या खिशातून काही द्यायला लावले गेले नाही. हक्क मोडणारा एक, पैसे भरणारे सगळे, आणि त्या सगळ्यांत ज्याचा हक्क मोडला तोही. ही विसंगती न्यायालयांना दिसत नाही असे नव्हे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की अधिकाऱ्याच्या मनमानीची भरपाई जनतेच्या पैशातून जाता कामा नये. आधी प्राधिकरणाने द्यावी आणि मग जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावी. तो खटला घराच्या ताब्याचा होता, पण तत्त्व सर्वांना लागू पडते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते वापरले. जामीनपात्र गुन्ह्यात मुंबईतल्या एका संगीतशिक्षकाला ताडदेव पोलिसांनी जामीन न देता रात्रभर कोठडीत ठेवले होते. न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या याचिकेवर दोन लाख रुपये द्यायला लावले आणि ही रक्कम दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची मुभा सरकारला दिली. खटला मतस्वातंत्र्याचा नव्हता. पण पोस्ट लिहिली म्हणून ज्याला उचलले जाते त्याची कोठडी काही वेगळी नसते, आणि हाच मार्ग त्याच्यासाठीही खुला आहे. याचिकेत भरपाईबरोबर वसुलीची मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी लागते. ती न मागता बहुतेक वकील गुन्हा रद्द करून घेण्यावर थांबतात.

फौजदारी वाटही आहे. कायदा मोडून कुणाचे नुकसान करणाऱ्या लोकसेवकासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १९८ आहे, एक वर्षापर्यंत कैद. आपण बेकायदा वागतो आहोत हे माहीत असून एखाद्याला डांबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्यासाठी कलम २५८ आहे, तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. अडथळा मंजुरीचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने कलम २१८ मध्ये त्याला मुदत घातली हे चांगले झाले: सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. पूर्वी असे अर्ज वर्षानुवर्षे पडून राहू शकत.

माझा सर्वांत जास्त भरवसा मात्र न्यायालयाच्या अवमानाच्या वाटेवर आहे, कारण तिथे दंड किंवा कैद थेट व्यक्तीला होते. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने २ जुलै २०१४ रोजी ठरवून दिले की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरधोपट अटक करायची नाही. आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, अटक केलीच तर कारणे लिहायची. हे न पाळणारा पोलीस अधिकारी विभागीय कारवाईला आणि उच्च न्यायालयाच्या अवमानालाही पात्र ठरतो. पोस्ट, स्टेटस, भाषण यांवरून लागणारी बहुतेक कलमे या मर्यादेतच बसतात. ६६ अ चे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. पालघरनंतर दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच रद्द केले. तरी ठाण्यांमधून ते लावले जातच राहिले. २०१९ च्या जानेवारीत न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी, अशा अटका झाल्याचे दिसले तर संबंधित अधिकाऱ्यांना तुरुंगात पाठवू, असे भर न्यायालयात बजावले. २०२१ मध्ये त्याच न्यायालयापुढे माहिती आली की ११ राज्यांत मेलेल्या कलमाखालचे ७४५ खटले अजून चालू आहेत. अखेर १२ ऑक्टोबर २०२२ रोजी ते बंद करण्याचे आदेश निघाले. रद्द झालेले कलम लावणाऱ्याला सद्भावनेचा आडोसा कसा मिळावा, हे मला अजून कुणी समजावून सांगू शकलेले नाही.

महाराष्ट्रातली अलीकडची दोन प्रकरणे याच पठडीतली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने ऑगस्ट २०२२ मध्ये अनुच्छेद ३७० हटवल्याचा निषेध करणारे स्टेटस व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवले, गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला आणि पोलिसांनाच मतस्वातंत्र्याचे शिक्षण देण्याची वेळ आल्याचे म्हटले. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीला इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून अटक झाली. तिने ती पोस्ट काढून टाकून माफीही मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिची सुटका केली, सरकार आणि महाविद्यालय दोघांनाही खडसावले. माजलगाव, कोल्हापूर, पुणे: तिन्हीकडे नागरिक जिंकला, तिन्हीकडे अधिकाऱ्यांना शब्दांचा मार मिळाला.

अमेरिकेकडे बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात. तिथे १८७१ च्या एका कायद्याने नागरिकाला हक्क मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा लावता येतो, हे खरे. पण तिथल्या न्यायालयांनी नंतर अधिकाऱ्यांना एक संरक्षण बहाल केले: हक्क आधीच्या निकालांनी स्पष्ट ठरलेला नसेल तर अधिकारी सुटतो. आणि जे सुटत नाहीत त्यांचे पैसेही नगरपालिकाच भरते. जोआना श्वार्ट्झ या अभ्यासिकेने २०१४ मध्ये दाखवून दिले की पोलिसांविरुद्धच्या दाव्यांत दिल्या गेलेल्या रकमेपैकी अधिकाऱ्यांच्या स्वतःच्या खिशातून आलेला वाटा होता ०.०२ टक्के. म्हणजे नुसता कायदा करून भागत नाही. वसुली होते की नाही, तिचा आकडा जाहीर होतो की नाही, यावर नजर ठेवावी लागते.

व्यक्तिशः जबाबदारीला एक खरा आक्षेप आहे, तो मी मानतो. गाडीत बसवणारा शिपाई किंवा जमादार असतो. त्याला नोटीस धरून उभे राहण्याचा हुकूम आलेला असतो. दंड त्याच्यावर पडला तर हुकूम देणारा नामानिराळा राहील. म्हणून जबाबदारी वर चढत गेली पाहिजे, आणि ती चढायला पायरी म्हणजे कागद. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ चा तिसरा नियमच सांगतो की वरिष्ठाने तोंडी निर्देश दिला तर तो शक्य तितक्या लवकर लेखी पक्का करून घ्यायचा. हा नियम नोकराच्या रक्षणासाठी आहे. हिंगोलीतल्या कुठल्याही ठाण्यातल्या हवालदाराने तो वापरला तर ‘वरून सांगितलंय’ या दोन शब्दांची ताकद निम्म्याने उतरेल.

नागरिकाच्या बाजूनेही कागदच लागतो. नोटीस असेल तर तिची प्रत. परवानगी नाकारली असेल तर कारणांसह लेखी नकार. ताब्यात घेतले असेल तर कोणत्या कलमाने, किती वाजता, कोणाच्या हुकमाने, याची स्टेशन डायरीतली नोंद. ती नंतर माहिती अधिकारात मागता येते. सुटल्याबरोबर पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज आणि त्याची पोच. मानवी हक्क आयोगाकडे जायचे तर घटनेपासून एक वर्षाच्या आत.

सर्वांत धोक्याची मुदत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये आहे. पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली किंवा त्याची मर्यादा ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा दावा किंवा खटला कृत्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत लावावा लागतो. खटल्याला सरकारच्या मंजुरीने दोन वर्षांपर्यंत सवलत आहे. कोल्हापूरच्या त्या प्राध्यापकाला निर्दोष ठरायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला. म्हणजे आपला गुन्हा नव्हता हे सिद्ध होईपर्यंत दाव्याची मुदत केव्हाच उलटलेली असते. रिट याचिकेतल्या भरपाईला ही सहा महिन्यांची अट लागू नाही, पण त्यासाठी हिंगोलीहून दोनशे किलोमीटरांवर छत्रपती संभाजीनगरला जावे लागते, वकील लावावा लागतो. कलम १६१ मधली ही मुदत गुन्हा किंवा आदेश रद्द झाल्याच्या दिवसापासून मोजावी, एवढी दुरुस्ती विधिमंडळाला एका अधिवेशनात करता येईल. दिल्लीची वाट पाहायचीही गरज नाही, कारण अधिनियम महाराष्ट्राचा आहे आणि हिंगोली जिल्ह्याचे तीन आमदार विधानसभेत बसतात.